वखार २.१

माझी बायको उज्ज्वला गेली ते मला मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास कळलं. मी दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर तिच्यासाठी मुगाचं पाणी गरम करून घेत होतो. वर आलो तर खाटेभोवती पडदा ओढलेला होता. नर्सबाईंनी माझ्या हातातला डबा घेतला. त्यावरूनच मला कळलं.

फुप्फुसं आखडत जाण्याचा आजार होता. शेवटच्या वर्षी तिला एका दमात चारपर्यंत आकडे म्हणता येत नव्हते. सुरुवातीला डॉक्टरांनी विचारलं होतं, कधी धुळीत काम केलंय का, सूतगिरणी, खाण, तंबाखू असं काही? मी म्हणालो, नाही हो, कॉम्प्युटरचं काम तिचं. ती माझ्याकडे बघत होती. गप्प बसली.

माझं नाव भूपाल अकिवाटे. जयसिंगपुरात माझा गाणी रेकॉर्ड करायचा छोटा स्टुडिओ आहे. मी आयटीआयचा वायरमन. उज्ज्वला सांगलीला इंजिनिअरिंग शिकलेली. आम्ही दोघांनी मिळून एकच मोठी गोष्ट केली, तिचं नाव 'वखार'.

वखार हा एक प्लगइन आहे. प्लगइन म्हणजे गाणं रेकॉर्ड करायच्या प्रोग्रॅमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. कुठला आवाज जाड करतो, कुठला तंबोरा वाजवतो. आमचा घुमारा द्यायचा. माळावर टाळी वाजवली तर ती एकदाच ऐकू येते. देवळात वाजवली तर भिंती, खांब, छत सगळे आपापल्या वेळी ती परत पाठवतात. हे त्या जागेचं उत्तर. प्रत्येक जागेचं उत्तर वेगळं असतं. ते एकदा नीट नोंदवून ठेवलं, की घरातल्या खोलीत म्हटलेलं गाणं गणिताने त्या जागेत नेऊन ठेवता येतं. आम्ही गावाबाहेरच्या तंबाखूच्या एका जुन्या वखारीचं उत्तर नोंदवलं. २०१९ चा जानेवारी होता तो. नऊ दिवस, रोज सात जागी माइक लावून, एकूण त्रेसष्ट मोजमापं. वखार पुढे पाडली. तिथे आता शीतगृह आहे.

आता २०४४ चालू आहे. जुने प्लगइन कोणी वापरत नाही. नव्या यंत्राला तोंडाने सांगायचं, दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, चाळीस फूट रुंद. ते क्षणात तशी जागा गणिताने उभी करतं. त्या यंत्रांवर जुने प्लगइन उघडतही नाहीत. माझ्याकडे वीसेक वर्षांचा एक कॉम्प्युटर आहे, त्यावर वखार चालते. उज्ज्वलाने काढलेली शेवटची आवृत्ती, २.१.

ती गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात महावीर चौगुले पदं रेकॉर्ड करायला आला. माझा शाळेपासूनचा मित्र. देवळात पूजेच्या वेळी तोच गातो.

"तुझं कॉम्प्युटर माझ्या गुडघ्यागत झालंय," तो म्हणाला. "उठताना कुरकुरतंय. टाक की आता."

"तुझा गुडघा टाकलास काय?"

"टाकायला घेणारा पाहिजे की कोण तरी."

मी त्याचं एक पद दोन्हीकडून काढून दाखवलं. आधी नव्या यंत्राच्या वखारीत, मग आमच्या. त्याने डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लाव म्हणाला.

"नव्यात माझा आवाज बरा लागलाय," तो म्हणाला. "पण रिकाम्या देवळात गायल्यागत वाटतंय. जुन्यात कोण तरी ऐकत बसलंय."

"कोण?"

"ते मला काय ठाऊक. तूच बनवलंयस नव्हं? जुनं ठेव."

मी जुनं ठेवलं. त्याचं बोलणं मनावर घेतलं नाही. गाणारे लोक काहीही बोलतात.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पुण्याहून डॉ. नाझनीन बागवान यांचं पत्र आलं. पाडून टाकलेल्या जागांचे आवाज जतन करणारी एक संस्था आहे, तिथे त्या काम करतात. पत्र तीन ओळींचं होतं. तुमच्या वखारमध्ये एक दोष सापडलाय, फोनवर सांगण्यासारखा नाही, मी येऊ का?

बाई सकाळी आल्या. वय पस्तीसच्या आसपास. माहेर मिरजेचं निघालं, त्यामुळे चहा होईपर्यंत ओळखीपाळखी झाल्या. मग त्यांनी विचारलं, "काका, मोजमाप घेताना वखार रिकामी होती ना?"

"होय. तो नियमच आहे. माणूस आवाज पितं. आत माणूस असलं की मोजमाप बिघडतं."

"मग तुम्ही दोघं कुठे होतात?"

मी सांगितलं. पुढचं दार मोठं, सरकतं होतं. त्याच्या फटीत मी पाच वाकळा, जाड गोधड्या, कोंबायचो, खालून वायरी काढायचो आणि बाहेर रेकॉर्डर घेऊन बसायचो. ते दार सारखं उघडायला परवडत नव्हतं. हमाल साडेचारला जायचे. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर जेवत नाही, आणि घरी आई आमच्यासाठी ताटं मांडून थांबायची. म्हणजे कामाला तास-सव्वातास. त्यात सात मोजमापं. म्हणून ठरवलं होतं, उज्ज्वलाने आत माइक लावायचा, मागच्या दाराने बाहेर जायचं आणि मला मिस्ड कॉल द्यायचा. तो आला की मी आतल्या स्पीकरमधून आवाज सोडायचो. खर्जापासून शिट्टीपर्यंत चढत जाणारा, वीस सेकंदांचा. तो संपला की ती आत जाऊन माइक हलवायची.

"मिस्ड कॉल आतूनही देता येतो," नाझनीन म्हणाल्या.

पंचवीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी मला समजावलं ते असं. वटवाघूळ अंधारात आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून भिंत कुठे, किडा कुठे ते ओळखतं. जागेच्या उत्तरातही सगळं असतं. प्रत्येक वस्तूने आवाज कधी परत पाठवला, कुठल्या बाजूने, आणि त्यातला किती गिळला. पूर्वी एवढं गणित करणं कुणाला शक्य नव्हतं. आता आहे. आमचा माइक चार तोंडांचा होता, एका मित्राकडून मागून आणलेला. त्यामुळे आवाज कुठल्या दिशेने आला तेही नोंदलं गेलं होतं. त्रेसष्ट मोजमापांत जे सारखं येतं ती वखार. भिंती, खांब, छपराच्या कैच्या.

"आणि दरवेळी जे वेगळं येतं ते काय, असा मला प्रश्न पडला," त्या म्हणाल्या. "हिशेबाला फार वेळ लागतो. पहिल्या दोन दिवसांची चौदा झाली आहेत. दाखवू?"

पडद्यावर पांढरे ठिपके होते. त्यांतून भिंत दिसायला लागली, मग छप्पर. कैच्या ओळखू आल्या. मला वाटलं, एवढंच केलं असतं तरी पुष्कळ होतं. आम्ही तिथे फोटो एकही काढला नव्हता. नुसता आवाज सोडला होता, आणि त्या आवाजाने पंचवीस वर्षं सगळी वखार धरून ठेवली होती.

मग त्यांनी मागच्या दाराकडचा भाग मोठा केला. तिथे एक बाई उभी होती. नाक-डोळे नव्हते, तेवढं बारीक उमटत नाही. पण केसांचा अंबाडा होता, आणि डावा खांदा वर होता. उज्ज्वला आयुष्यभर त्या खांद्याला पिशवी अडकवायची, तो तसाच राहिला होता. तिचे दोन्ही हात दाराच्या कडीवर होते.

मला सगळं आठवलं. पहिल्या दिवशी तिने आतून हाक मारली होती, "अहो, मागची कडी निघत नाही." मी बाहेरून ओरडलो होतो, "जोर लाव, दिवस मावळायला आलाय." थोड्या वेळाने मिस्ड कॉल आला. मी समजलो कडी निघाली.

"तंबाखूची धूळ होती आत," मी म्हणालो. "दार लावलं की नाकात जायची. मी तिला आत कोंडलं."

नाझनीननी चित्र बंद केलं आणि कामाचं सांगितलं. संस्थेला वखार जतन करायची होती. ती नव्या यंत्रांवर चालेल अशी करून कायमची ठेवणार होते. पण त्यांचा नियम होता, जागा रिकामी पाहिजे. म्हणजे हे माणूस गणिताने वजा करावं लागेल, आणि त्याला माझी सही लागेल. नाहीतर माझा कॉम्प्युटर बंद पडेल त्या दिवशी वखार संपेल.

"पुसा," मी म्हणालो. "तिला बाहेर काढा तिथून. मी करतो सही."

"आत्ता नको. सगळा हिशेब पुरा होऊ दे. मग पुण्याला या, पुसायच्या आधी ऐकून जा."

त्या गेल्यावर मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नऊ दिवसांच्या धुळीने असा आजार होत नाही सहसा. मी विचारलं, सहसा म्हणजे? ते म्हणाले, अकिवाटे, मी होय म्हणणार नाही आणि नाही असंही लिहून देणार नाही.

त्रिशला माझी मुलगी. ती पुण्यात असते, तीच मला संस्थेत घेऊन गेली. वाटेत मी तिला सगळं सांगितलं. तिने गाडी बाजूला घेतली.

"अण्णा, नंतर तरी तिला विचारलंत का, कडी निघाली का म्हणून?"

"नाही."

"घरी आल्यावर? जेवताना?"

"तिचा मिस्ड कॉल आला होता गं."

"आईचा मिस्ड कॉल आला होता," ती म्हणाली. गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. शेवटचे आठ महिने जयसिंगपुरात येऊन राहून तिनेच आईला ऑक्सिजन लावला होता. तिला बोलायचा हक्क होता.

संस्थेत एक मोठी गोल खोली आहे. भिंतीत, छतात, जमिनीतही स्पीकर. खोलीत बारीक माइक आहेत, ते तुमचा आवाज घेतात आणि जी जागा निवडली असेल तिचं उत्तर त्याच क्षणी परत देतात. दिवे घालवले की तुम्ही त्या जागेत असता.

नाझनीन म्हणाल्या, "काका, हिशेब पुरा झाला. तिसऱ्या दिवसापासून चित्र बदलतं. आधी दार ऐका. मागच्या भिंतीकडे तोंड करून टाळी वाजवा."

त्यांनी दिवे घालवले. मी टाळी वाजवली आणि वखार आली. मला दुसरा शब्द सुचत नाही. माथ्यावर पत्रा आला, दोन्हीकडे लांब भिंती आल्या. पाडून टाकलेल्या जागेत मी उभा होतो. त्रिशलाने माझा दंड धरला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, वखारीत कधी आलीच नव्हती.

"मागच्या भिंतीत एक उभी चीर ऐकू येते का?" नाझनीन अंधारातून म्हणाल्या. "तिथून काहीच परत येत नाही. आवाज तिथून बाहेर गेला, तो गेलाच."

मी पुन्हा टाळी वाजवली. भिंत होती, आणि भिंतीत एक हातभर रुंद पट्टी अशी होती की तिथे काहीच नव्हतं.

"दार उघडं आहे," मी म्हणालो.

"होय. तिसऱ्या दिवसापासून शेवटपर्यंत. कडी निघाली होती."

"मग ती बाहेर गेली."

"तुम्हीच बघा. टाळी वाजवत मधल्या खांबाकडे या."

मी चाललो. दर दोन पावलांना टाळी. सगळीकडून उत्तर येत होतं. मधल्या खांबाच्या अलीकडे एका बाजूचं उत्तर थांबलं. तिथे भिंत नव्हती, चीर नव्हती. मऊ काहीतरी होतं, माझ्या खांद्याएवढ्या उंचीचं, आणि ते माझा आवाज पीत होतं. मी अजून एक पाऊल टाकलं. आता माझ्या तोंडासमोर फक्त शांतता होती. मी हळू म्हणालो, "उज्ज्वला." वखारीने माझा आवाज चारी बाजूंनी परत दिला, समोरून मात्र दिला नाही.

मी विज्ञान शिकलेला नाही. मला माहीत आहे की ते गणित होतं आणि स्पीकर होते. तरी पंचवीस वर्षांपूर्वी हवेतून गेलेला एक आवाज तिच्या अंगाला लागून थांबला होता, आणि ते थांबणं मी तिथे उभा राहून ऐकत होतो. किती वेळ उभा होतो ते त्रिशलाला विचारावं लागेल.

दिवे लागल्यावर नाझनीननी चित्रं दाखवली. एकोणपन्नास. दार उघडं, आणि ती प्रत्येक वेळी वेगळ्या जागी, दोन लांब भिंतींच्या मध्ये. दोन्ही हात पसरलेले, आणि हातांत एक मोठी चौकोनी वस्तू.

"हे काय आहे ते आम्हाला कळलं नाही," त्या म्हणाल्या.

"वाकळ आहे," मी म्हणालो. "घरून सहा आणायचो. पाच दाराला. सहावी ती आत न्यायची, माइकखाली अंथरायला म्हणून."

"माइकखाली काही नव्हतं, काका. आता हे ऐका. त्यांना वजा केल्यावर वखार अशी वाजते."

त्यांनी टाळीचा आवाज सोडला. त्यामागून टर्रर्र असा आवाज आला, तितर उडाल्यासारखा. दोन भिंती समोरासमोर असल्या की आवाज त्यांच्यात चेंडूसारखा आपटत राहतो. मला लगेच ओळखू आलं. गोडाऊन असंच वाजतं. मग त्यांनी उज्ज्वलासकट सोडलं. टर्रर्र गेलं. आवाज पसरला आणि सावकाश विरला. जो ऐकून लोक आमची वखार विकत घ्यायचे, तो हा.

"पहिले दोन दिवस त्या अडकल्या होत्या," नाझनीन म्हणाल्या. "पण घरी जाऊन त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं असणार. माणूस आत असताना वखार बरी वाजते हे त्यांना कळलं. मग कडी निघाली तरी त्या थांबल्या, आणि वाकळ घेऊन दरवेळी नेमक्या त्या जागी उभ्या राहिल्या जिथे आवाज आपटत होता. मी गणित करून बघितलं. माझ्या गणितातली जागा आणि त्यांची जागा यांत वीतभरसुद्धा फरक नाही. त्यांच्याकडे गणित नव्हतं. कानाने शोधली असणार."

त्रिशलाने विचारलं, "आम्हाला का नाही सांगितलं?"

ते मला माहीत होतं. "मी चिडलो असतो," मी म्हणालो. "नियम मोडला म्हणून. सगळं पुन्हा मोजायला लावलं असतं."

"आणखी एक," नाझनीन म्हणाल्या. "हललेलं माणूस आमच्या चित्रात धूसर येतं. नुसत्या श्वासानेसुद्धा छातीची कडा पुसट होते. ही कडा बघा."

कडा स्वच्छ होती, सगळ्या चित्रांत. प्रत्येक वेळी वीस सेकंद तिने श्वास रोखून धरला होता. पहिल्या चौदांतही. त्रेसष्ट वेळा.

त्रिशला खुर्चीवर बसली. "वीस सेकंद," ती म्हणाली. "आई." मग तिने डोकं माझ्या हातावर टेकवलं, आणि मघाचा राग गेला असं मला वाटलं. निदान त्यातला थोडा.

सहीचा कागद टेबलावर होता. मी तो नाझनीनकडे सरकवला.

"पुसू नका."

"काका, मग ती नियमात बसणार नाही. मी विचारून बघते, पण बसणार नाही."

"नसू दे. अडकली असती तर काढा म्हणालो असतो. ती अडकलेली नाही."

त्यांनी विचारून बघितलं. बसली नाही. वखार नव्या यंत्रांवर चालवायची तर उज्ज्वलाचा प्रोग्रॅम पुन्हा लिहायला हवा. मी नव्या यंत्रालाच सांगितलं, लिहून दे. त्याने दोनदा लिहून दिलं, दोन मिनिटांत. दोन्ही वेळा त्याने तिला दोष समजून काढून टाकलं आणि वर मला कळवलं की रेकॉर्डिंगमधली एक चूक दुरुस्त केली आहे. तेव्हा मीच लिहायचं ठरवलं. दर रविवारी सकाळी नाझनीन फोनवर तासभर शिकवतात. महावीर येऊन बसतो आणि विचारतो, वायरमनला साहित्य संमेलनाला पाठवलंय काय.

लोक मला विचारतात, जुने प्लगइन अजून वापरण्यासारखे आहेत का. मी सांगतो, सगळे नाहीत. बरेचसे रिकामे आहेत, ती कामं नवं यंत्र चांगली करतं. पण फेकायच्या आधी एकदा शांतपणे ऐकून घ्या, आत कोण आहे ते.

तिच्या प्रोग्रॅमच्या अडतीस फायली आहेत. आजपर्यंत मला अकरा समजल्या. सत्तावीस राहिल्या आहेत, आणि कॉम्प्युटर कालपासून दोन वेळा बंद पडला.